अक्का म्हणाली होती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आता लपवून लपवून थकलोय हो — म्हणून तुम्हाला सांगतो.

परवा फैजपूरला मधूचा सत्कार झाला. मधू म्हणजे माझा शेजारी, लहानपणापासूनचा सोबती. हवाई दलातून एअर मार्शल होऊन निवृत्त झाला. शाल, श्रीफळ, पदकांचं कौतुक, सगळं यथासांग झालं. मग तो बोलायला उठला आणि नेहमीचंच सांगितलं. त्याची आई — आमची अक्का — शेवटच्या आजारात म्हणाली होती, "मधूले बोलावू नका. देशाचं काम हाये त्याचं." मंडपात बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मीही डोळे पुसले. दुसरं काय करणार?

मधू तिकडे दूर, म्हणून अक्काकडे बघायचं मी कबूल केलं होतं. त्या सकाळी तिला फार धाप लागली होती. माझा हात घट्ट धरून ती काय म्हणाली, सांगू? "नाना, मधूले बोलाव रे. एकदा पाहू दे."

लावतो फोन, म्हटलं. आणि गेलो मळ्यात! केळीचे घड कापायला माणसं लावलेली, ट्रक येऊन उभा. एसटीडी फोनचं दुकान वाटेवरच होतं. पण वाटलं, म्हातारी दर हिवाळ्यात असंच करते — संध्याकाळी लावू. संध्याकाळी आलो, तर तिच्या ओट्यावर माणसं जमलेली.

मधू पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. गणवेशातच आला. मला बाजूला घेऊन विचारलं, "माझं नाव काढलं का रे तिने?" जिभेला हाड नसतं. खरं सांगायची छाती झाली नाही, आणि ते वाक्य मी तिथल्या तिथे रचलं. त्याने मला मिठी मारली. तेच वाक्य तो आयुष्यभर सांगत आलाय.

परवा त्याने मला व्यासपीठावर बोलावलं. "माझ्या आईचं शेवटी यानेच केलं," म्हणाला, आणि स्वतःच्या अंगावरची शाल माझ्या खांद्यावर घातली. मी घेतली.

नंतर जेवताना हळूच म्हणाला, "नाना, कधीकधी वाटतं रे — तिने मला बोलवायला हवं होतं."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. "अक्काचं काळीजच मोठं होतं," म्हटलं, आणि वरण वाढून घेतलं.