परांचीतलं देऊळ

ही गोष्ट सांगायचं मी पंचवीस-सव्वीस वर्षं टाळलं. बायकोला सांगेन म्हणत होतो, ती गेली. मुलाला सांगायला कितीतरी वेळा तोंड उघडलं आणि भलतंच काहीतरी बोललो. आता त्याच्याच अल-खोबरच्या फ्लॅटमध्ये, तो आणि सून कामाला गेल्यावर, जेवणाच्या टेबलाशी बसून लिहितो आहे. समोर एक जुनं पोस्टकार्ड आहे. एका कोपऱ्याला चिकटपट्टीचा पिवळा डाग आहे. ते माझं नाही.

दम्मामच्या पुढे किनाऱ्यालगत एका कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. तिथे मी स्टोअरकीपर होतो. पाइप, क्लॅम्प, नटबोल्ट, हातमोजे, सगळं माझ्या कुलपात. आम्ही कॅम्पमध्ये राहायचो, एका केबिनमध्ये चौघं. माझ्या शेजारच्या खाटेवर वसईचा एक परांचीवाला होता. उंच टाक्यांभोवती लोखंडी पाइपांची परांची बांधायची, तीवर चढून वेल्डर काम करणार, आणि काम झालं की ती उतरवायची. मी त्याला माकड म्हणायचो, तो मला कुलूपराव.

"कुलूपराव, तुमचं बरं आहे. पंख्याखाली बसायचं आणि नाही म्हणायचं."

"आणि तुझं काय रे माकडा? वर बसून समुद्र बघतोस."

"समुद्र नाही बघत. वसई दिसते का ते बघतो."

तो ख्रिस्ती होता. चर्चला तो देऊळच म्हणायचा, त्यांच्याकडे तसंच म्हणतात. इथे देऊळ नव्हतं आणि दुसऱ्या धर्माच्या चार माणसांनी जमून प्रार्थना करणंही धोक्याचं होतं. आता दिवस पुष्कळ सैल झालेत. तेव्हा तसं नव्हतं.

पोस्टकार्ड त्याला कामावरच्या एका इंजिनिअरनं दिलं होतं. तो बाल्कनकडचा, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका लहान शहरातला. त्याच्या गावात शेकडो वर्षांचं कॅथेड्रल होतं, भूकंपात हललेलं, आणि फोटो दुरुस्ती चालू असतानाचा होता. दोन दगडी मनोरे, आणि त्यांतल्या एकाला तळापासून शेंड्यापर्यंत परांची. "तुझ्या कामाचं आहे, म्हणून तुला," असं म्हणून त्यानं ते दिलं. माझा मित्र तासभर त्या कार्डावरचे पाइप मोजत बसला. "बघ, बघ, दगडाला एक भोकसुद्धा न पाडता उभी केलीय. ह्याला म्हणतात हात."

मग त्याला युक्ती सुचली. क्रूस नको, मूर्ती नको. शुक्रवारी सकाळी सुट्टी असे आणि स्टोअर बंद असे. तिथे मागच्या रॅकला हे कार्ड चिकटवायचं आणि त्यासमोर आठ-दहा जणांनी खाली बसून हळू आवाजात मरियेची माळ म्हणायची. कोणी आलंच तर काय, परांचीचा फोटो आहे, परांचीवाले बघत बसलेत. देवाला लपवायची ही जागा फक्त आमच्या धंद्यातल्या माणसालाच सापडली असती.

चावी मी दिली. त्यानं मागितलीसुद्धा नव्हती. "कुठे जमता रे, उन्हात?" असं मीच विचारलं आणि मीच खिशातून काढून दिली. दर गुरुवारी संध्याकाळी चावी त्याच्याकडे जायची आणि शुक्रवारी जेवणाआधी परत यायची. असं सात-आठ महिने चाललं.

त्याच सुमारास मी बायको आणि चार वर्षांच्या मुलाला इकडे आणायची खटपट करत होतो. कॅम्पबाहेर खोली बघितली होती. कागदावर कॅम्प मॅनेजरची एक सही बाकी होती. तो आपल्याकडचाच, उत्तरेतला, घाबरट माणूस. एका शनिवारी त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं. माझे कागद त्याच्या टेबलावर होते आणि त्यांच्यावर हे पोस्टकार्ड. पहारेकऱ्याला शुक्रवारी स्टोअरमधून प्रार्थनेचा आवाज आला होता. तो आत जाईपर्यंत माणसं मागच्या दारानं निघून गेली होती. कार्ड मात्र राहिलं होतं.

"बाहर बात गई तो पूरी कंपनी की वाट लगेगी," मॅनेजर म्हणाला. "मुझे एक नाम दे दो. एक जाएगा, बाकी अपने आप चुप. खलास."

मी टेबलावरच्या माझ्या कागदांकडे पाहिलं.

"चाबी तुमने दी?"

"नहीं सर."

"फिर?"

"ऑफिस के चाबी-बोर्ड से उठाई होगी."

"किसने?"

मी नाव सांगितलं. बाकीच्यांची नावं मला नीट ठाऊक नव्हती, अशी मी पुढे स्वतःची समजूत घालत आलो. खोटं आहे ते. दहाही नावं ठाऊक होती. त्याचं पहिलं आलं, कारण सगळ्यांत जवळचं तेच होतं.

मॅनेजरनं सही केली आणि कार्ड माझ्याकडे सरकवलं. "ये फेंक दो." ते मी शर्टाच्या आत घातलं. का, ते मला आजही सांगता येत नाही.

चार दिवसांत त्याला फायनल एक्झिट लागला. पुन्हा या देशात येणं नाही. कागदावर कारण लिहिलं होतं, स्टोअरची चावी चोरली. विमानतळावर सोडायला कंपनीच्या गाडीतून मीच गेलो. वाटेत त्यानं एकच गोष्ट विचारली.

"कोणी सांगितलं रे?"

माझ्या हाताखाली एक मल्याळी असिस्टंट होता. शांत, पाच वेळा नमाज पढणारा, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला.

"असिस्टंटनं," मी म्हणालो.

"त्या मलबाऱ्यानं? म्हणून तो सकाळी मला हात मिळवायला आला होता. मला तेव्हाच संशय आला, मी थुंकलो त्याच्या पायाशी. म्हणजे बरोबरच केलं." मग तो म्हणाला, "तू सांभाळ स्वतःला. तुझं नाव मी कुठे घेतलं नाही. चावी चोरली म्हणालो, चोरली."

मी परत आलो तेव्हा असिस्टंट स्टोअरच्या दाराशी उभा होता. "सेठ, उसने मेरे साथ ऐसा क्यों किया?" मी म्हणालो, "टेन्शन में था." वर्षभरानं तो दुसऱ्या कामावर गेला. आज कुठे आहे, आहे की नाही, मला माहीत नाही.

बायको आणि मुलगा आले. मुलगा इथल्याच शाळेत शिकला, पुढे इंजिनिअर होऊन इथेच परतला. माझ्या मित्रानं वसईत लग्नाचे मांडव बांधले, रंगकामासाठी परांच्या बांधल्या, वाडीत केळी लावली. आणि तिकडून कोणी येणार असलं की त्याच्याबरोबर माझ्यासाठी सुकेळी, उन्हात वाळवलेली गोड केळी, पाठवायचा, केळीच्या वाळक्या सोपात बांधलेली. बायकोला आवडायची, मुलाला तर फारच. "तुम्ही नाही घेत?" बायको विचारायची. मी म्हणायचो, दाताला चिकटतात.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं गावी परतलो होतो. दोन वर्षांपूर्वी, बायको गेल्यानंतर, मुलानं मला पुन्हा इकडे आणलं. गेल्या ईदच्या सुट्टीत त्यांनी बाल्कनला जायचं ठरवलं. हल्ली इथून सगळेच जातात, थंड आहे, जवळ आहे. सून फोनवर फोटो दाखवत होती आणि एका फोटोवर माझा हात थांबला. दोन मनोरे, मागे डोंगर. "इथे जाऊ या," मी म्हणालो. बाबांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं, म्हणून दोघं खूश झाली. निघताना कार्ड मी पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवलं.

कॅथेड्रल फोटोपेक्षा लहान होतं. चौकात मांजरं झोपली होती. मनोऱ्यांवर परांची नव्हती, पण एका मनोऱ्याच्या मध्यावरून वरचा दगड उजळ होता. दुरुस्ती कुठून सुरू झाली ते दिसत होतं. आत गार होतं आणि जुन्या लाकडाचा, मेणाचा वास होता. एका खांबाशी दगडी माणूस उभा होता, हातात किल्ली. सून फोनवर वाचून म्हणाली, "बाबा, हे सेंट पीटर." मी पुढे झालो. पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

दाराशी एक म्हातारी बसली होती, मेणबत्त्या देणारी, देखरेख करणारी. तिनं घड्याळाकडे बोट दाखवलं. बाराला बंद. पावणेबारा झाले होते. मी ठरवून आलो होतो. एका बाकावर बसायचं, मित्राला फोन करायचा, कार्ड दाखवायचं. कार्ड दाखवलं की बाकीचं आपोआप सांगावं लागणार होतं. पण एकटा असताना.

"बाबा, वसईच्या काकांना दाखवू या ना!" मुलगा मागून म्हणाला, आणि मी काही म्हणायच्या आत त्यानं व्हिडिओ कॉल लावलासुद्धा.

पडद्यावर तो आला. ओसरीवर बसलेला, गालफडं बसलेली, नाकाला ऑक्सिजनची नळी. मधून मधून त्याचं आजारपण कानावर येत होतं, पण नळी मी पहिल्यांदाच पाहिली.

"कोण? कुलूपराव? अरे, कुठे आहेस?"

"ओळख," मी म्हणालो. मुलानं फोन गोल फिरवला, वर छताकडे, मग वेदीकडे.

नळीतली हवा तेवढी ऐकू येत होती.

"माझं देऊळ," तो म्हणाला. "अरे कुलूपराव, माझं देऊळ! परांची आहे का अजून?"

"नाही रे. काढली."

"मग पक्कं झालं म्हणायचं. बाहेरून दाखव, बाहेरून. नको, राहू दे, आधी मेणबत्ती लाव. माझ्या नावानं एक." मग त्यानं खाली बघून घसा खाकरला. "आणि एक त्या मलबाऱ्याच्या नावानं. मी त्याला इतकी वर्षं शिव्या दिल्या. आता म्हटलं पुरे. माफ केलं त्याला. तू साक्षीदार."

माझा हात खिशात होता. बोटांना कार्डाची कड लागत होती. मुलगा हसत फोन धरून उभा होता, त्या सहीनं इथवर आलेला. म्हातारीनं किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि वाजवला. मला एवढंच म्हणायचं होतं, त्यानं नाही सांगितलं, मी सांगितलं. पाच शब्द.

"काय रे, ऐकू येतंय ना?"

"येतंय," मी म्हणालो. "लावतो. दोन्ही लावतो."

लावल्या. दुसरी मेणबत्ती दोनदा विझली. तिसऱ्यांदा सुनेनं लावली. म्हातारी आमच्यामागे दार लावत असताना मुलगा चौकातून त्याला मनोरे दाखवत होता आणि तो तिकडून विचारत होता, वरचा दगड नवा वाटतो, नाही का रे?

खोबरला परतल्यावर मी मुलाला म्हणालो, मला वसईला जायचंय, तिकीट काढ. पुढच्या गुरुवारचं मिळालं. सोमवारी मित्राच्या मुलीचा फोन आला. ती नर्स आहे. बाबांना दवाखान्यात आणलंय, डोळे उघडत नाहीत, पण ऐकू येतं असं आम्ही मानतो. "काका, फोन त्यांच्या कानाशी धरते. तुम्ही बोला."

मी बाल्कनीत गेलो. काच ओढून घेतली. मुलीचा श्वास ऐकू येत होता. म्हणजे मी जे बोलेन ते तीही ऐकणार होती. बापानं ज्याच्यासाठी सुकेळी स्वतः बांधली, तो माणूस कोण होता, ते तिला आता, त्याच्या उशाशी उभं राहून कळणार होतं. तिला फोन बाजूला ठेवून जायला सांगता आलं असतं. हे मला नंतर सुचलं. तेव्हा मी म्हणालो,

"माकडा, लवकर बरा हो. गुरुवारी येतोय."

"ऐकलं त्यांनी," ती म्हणाली. "भुवई हलली."

बुधवारी तो गेला. गुरुवारी मी पोचलो तेव्हा गावच्या देवळाच्या आवारात खड्डा बुजवला होता. वर ओली माती आणि झेंडूची फुलं होती. त्याच्या मुलीनं निघताना माझ्या हातात पुडकं दिलं, सोपात बांधलेलं. बाबांनी तुमच्यासाठी आधीच बांधून ठेवलं होतं, म्हणाली. तिलाही मी काही बोललो नाही. हे लिहून झालं की आधी मुलाला वाचायला देणार आहे आणि मग तिला पाठवणार आहे.

कार्ड मातीवर ठेवायला नेलं होतं, ठेववलं नाही. त्याच्या मागे, पत्ता लिहायच्या जागी, मी विमानात जे लिहिलं होतं ते तसंच आहे.

मित्रा, चावी मी दिली होती आणि चोरली तू असं मी म्हणालो. तुझं नाव मी सांगितलं, माझ्या बायकोमुलाच्या कागदावर सही व्हावी म्हणून. त्या बिचाऱ्या असिस्टंटनं काही केलं नव्हतं. त्याला माफ करू नकोस, त्याची माफी माग, माझ्या वतीनं. आणि मला माफ कर.