तव्यावरचं बी

कोकिळाबाईंच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती. ज्यांना काही येत नाही ती, आणि ज्यांना काही येत नाही हेही कळत नाही ती. बोरगाव मेघे या गावातली त्यांची सगळी गल्ली दुसऱ्या प्रकारात जमा होती. कचेरीत कारकुनी करणारे नवरोबा प्रभाकररावही त्यातच.

बहात्तर साली बाई अल्लीपूरहून इथे राहायला आल्या, तेव्हा ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली एक गोवरी होती. तिच्यावर आईच्या हातचं टमाटराचं बी राखेत कालवून थापलेलं. माहेरी टमाटराला भेदरं म्हणत, आणि बाईही शेवटपर्यंत भेदरंच म्हणत राहिल्या.

त्या बियाचं झाड वाढायचं थांबतच नसे. रोप लावताना बाई अर्धा दांडा मातीत पुरायच्या, म्हणजे दांड्यालाही मुळं फुटतात. पानांच्या बेचक्यातले फुटवे नखाने खुडायच्या. कमरेपर्यंत पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा आधार, पुढे बांबू, आणि बांधायला जुन्या लुगड्याच्या चिंध्या, कारण सुतळीने दांडा कापतो. माघापर्यंत झाडं न्हाणीच्या टिनावर चढलेली असत आणि बाई स्टुलावर उभ्या राहून फळं काढत. शेजारपाजारी बाजारातल्या पुडीतलं बी लावायचे. ते गुडघ्याएवढं वाढायचं, एकदाच लदबदून फळायचं आणि मान टाकायचं. बाई कुंपणावरून बघायच्या आणि विचारायच्या, हे भेदर हाय का कोथिंबीर.

पहिल्या घोसातलं मोठं फळ बाई खाऊ देत नसत. त्याला दोरा बांधायचा, झाडावरच पिकून मऊ होऊ द्यायचं, मग राखेत पिळून बी चुलीमागच्या भिंतीवर थापायचं. धुराने कीड लागत नाही. पोळा झाला की उलथन्याने खरवडायचं आणि पेरायचं.

आता अशी झाडं दिसल्यावर लोक बी मागणारच. आईची शिकवण होती की बी मागणाऱ्याला नाही म्हणू नये, घरातलं पीक रुसतं. कोकिळाबाईंनी आईचा शब्द कधी मोडला नाही. त्या बी द्यायच्या. फक्त द्यायच्या आधी तापल्या तव्यावर दोन मिनिटं परतून घ्यायच्या. राखेत कालवलेलं बी, कोणाला कळतंय?

पेन्शनर अच्युतराव ओळीने तीन वर्षं पेरत बसले. रोज झारीने पाणी घालायचे आणि रोज वाकून बघायचे. बाईंनी त्यांना गंभीर चेहऱ्याने सांगितलं की तुमचा हातच जड आहे. बिचाऱ्यांना ते पटलंही. घरात येऊन बाई पदर तोंडाला लावून हसल्या.

पण सगळ्यात जास्त राग होता तो भिंतीपलीकडच्या शरयूवर. प्राथमिक शाळेतली मास्तरीण, पुस्तक वाचून डब्यात गुलाब लावणारी. ती दर वर्षी पोळ्यानंतर वाटी घेऊन बी मागायला यायची, आणि दर वर्षी तव्यावरचं घेऊन जायची. बाईंच्या मते इतकी बिनडोक बाई अख्ख्या जिल्ह्यात नसेल. झाडावरची तडकलेली, किडकी फळं बाई मुद्दाम तिच्या अंगणात भिरकावायच्या. उकिरड्याला उकिरडाच द्यावा.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात त्या किडक्या फळांतूनच शरयूच्या मोरीपाशी रोपं उगवली. आधी ती जमिनीवर लोळली, मग तिने त्यांना मोडक्या खाटेचा टेकू दिला. बाईंनी गल्लीभर सांगितलं की मास्तरणीची भेदरं खाटेवर पडली, आता सलाईन लावा.

चौऱ्याऐंशीच्या वैशाखात बाई भाचीच्या लग्नाला अल्लीपूरला गेल्या. इकडे प्रभाकररावांचा गॅसचा नंबर लागला. त्यांनी चूल फोडली, भिंतीवरची काजळी आणि 'ते शेणाचे डाग' खरवडून टाकले आणि भिंतीला पोपटी ऑइलपेंट दिला. बाई परतल्या तेव्हा ते दारातच हसत उभे होते. बारा वर्षांच्या संसारात या माणसाने स्वतःहून केलेलं हे एकमेव काम, आणि तेही असलं.

बाई त्या पोपटी भिंतीसमोर बसून रडल्या. आई गेली तेव्हाही एवढ्या रडल्या नव्हत्या, कारण तेव्हा आईचं बी हातात होतं. आता परसातली झाडंही उन्हाने वाळून गेली होती, आणि हातात काहीच नव्हतं. प्रभाकरराव म्हणाले, बाजारातून पुडी आणून देतो. अल्लीपूरला भावाकडे निरोप धाडला, तर वहिनीने उलट कळवलं की आम्ही केव्हाच पुडीवर आलो, ते बी तर तुमच्याकडेच. बारा वर्षांत मागायला आलेल्या प्रत्येक घरी बाईंचं बी गेलं होतं, आणि एकाही घरी उगवलं नव्हतं.

ते कुठे उगवलंय हे बाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण ती भिंत ओलांडायला त्यांना पोळा उजाडावा लागला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या वाटी घेऊन शरयूच्या दारात उभ्या राहिल्या.

"मले भेदराचं बी पाहिजे होतं," बाई म्हणाल्या.

शरयूने आतून औषधाची बाटली आणली. आत राखेत कालवलेलं बी होतं.

"घ्या कोकिळाताई. हे तव्यावरचं नाही."

बाईंनी बाटलीकडे पाहिलं. "कधीपासून मालूम हाय तुले?"

"पहिल्याच वर्षी. उगवेना म्हणून बी फोडून पाहिलं. आतून करपलेलं होतं."

"मग दर वर्षी मागायले काऊन येत होती?"

"वाटायचं, एखाद्या वर्षी चांगलं द्याल."

कोकिळाबाईंनी वाटी पुढे केली आणि शरयूने ती काठोकाठ भरली.