विजेची चाहूल घेणारी चौकट घेऊन शिरूर कासारला

गेल्या वैशाखात माझी भावजय शेरडं चारताना लिंबाखाली वीज पडून गेली. आमचे हे बीडला जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरतात, तारेतलं त्यांना कळतं. तेराव्याहून आल्यावर म्हणाले, लांब पडणारी वीजसुद्धा हवेत चुंबकाची लहर सोडते, ती तारेच्या वेढ्यांत सापडते. माझा भाऊ दगडू अजून त्याच माळावर शेरडं नेतो. यंदाच्या वैशाखाआधी त्याला ते यंत्र द्यायचं ठरलं.

ह्यांनी लाकडी चौकटीवर तांब्याची तार गुंडाळली, वेढे मी जपमाळेवर मोजले. दोन माळा भरल्या. खाली आवाज वाढवणारी डबी, तिला हेडफोन.

बीडहून सकाळचीच एसटी धरा, उन्हाआधी पोचता. बायकांना अर्धं तिकीट. हे खिडकीशी बसले, चौकट माझ्या मांडीवर. ती बघून कंडक्टर म्हणाला, "मावशी, बाज इणायची राहिली का?"

"राहिली," मी म्हटलं. खरं सांगायला जीभ रेटेना.

स्टँडपासून वस्ती तासभर पायी, पाणी घरून न्यावं. दगडू घ्यायला आला होता. वाटेत सावली एकच. भाकरी सोडायला बसणार, तोच तो म्हणाला, "त्या लिंबाखाली नगं, आक्का." उन्हातच खाल्ली.

विजेच्या तारांजवळ नुसती घुरघुर येते, म्हणून चौकट माळाच्या मधोमध उभी केली. दगडूने हेडफोन लावला. "दाजी, टक टक लई वाजतंय. वीज हाय का?"

ह्यांनी ऐकलं. "वीज काय घड्याळ लावून पडती व्हय?"

शेजारच्या मक्याला डुकरांसाठी झटक्याचं कुंपण होतं, त्याचे ते ठोके. मालक म्हातारा. म्हणाला, "घटकाभर बंद करतो. रोजचं मागू नका. मका काय तुमची चौकट राखनार का?"

ठोके थांबले. मग मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज आला. वर ढगाचा ठिपका नव्हता.

"लांब हाय, पर पडतीय," हे म्हणाले.

दगडूने हेडफोन काढला नाही. "ती गेली तवाबी आभाळ असंच कोरडं हुतं. मीच म्हनलो, जा, काय न्हाई हुत."

थोड्या वेळाने टक टक पुन्हा सुरू झाली.

कोणी असं यंत्र करणार असाल तर आधी आजूबाजूची कुंपणं बघा. आम्ही बघितली नाहीत. चौकट तिथंच ठेवून आलो. दुपारी जपाला बसते तेव्हा दगडूचा फोन येतो. हेडफोन फोनला धरतो आणि विचारतो, "आक्का, जाऊ का?" मला ठोकेच ऐकू येतात. नको म्हणावं तर शेरडं उपाशी. जा म्हणायला तोंड उघडत नाही.