घडी न जुळलेला मिक्सर

मिक्सरमधली ती रेघ मी सरकवली होती. बाईंची सही झाल्यावर, त्यांना न विचारता. हे सांगायला मला सहा वर्षं लागली.

हडपसरच्या आमच्या ऑफिसात त्यांना पाठीमागे घडीबाई म्हणत. आम्ही अल्ट्रा-वाइडबँड रिसीव्हरची चिप करत होतो. हवेतून आलेला सिग्नल खालच्या फ्रीक्वेन्सीवर उतरवतो तो मिक्सर. त्याचे दोन्ही अर्धे हुबेहूब लागतात, नाहीतर चिपचाच सिग्नल गळून बाहेरच्याला बुडवतो. फ्रीक्वेन्सींचा पट्टा इतका रुंद की केसाएवढा फरकही कुठेतरी उघडा पडतोच. बाई लेआउट, म्हणजे चिपवरच्या रेघांचा नकाशा, कागदावर छापायच्या, मधोमध घडी घालायच्या, खिडकीच्या उजेडात धरायच्या. रेघेवर रेघ बसली तरच सही.

जीभ मात्र भयंकर. एका नव्या इंजिनिअरची रेघ चुकली, तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अहो, भांग तरी आरशात बघून पाडता ना? की तोही अंदाजानेच?" मलाही सोडत नसत. "साहेब, तुम्ही मीटिंगा घ्या. रेघा आम्ही ओढतो." ते मला फार लागलं होतं.

शेजारच्या सर्किटला जागा हवी होती, म्हणून मी एकाच बाजूची रेघ सरकवली आणि फाइल चिप बनवायला पाठवून दिली. चिप बनून आली ती अर्ध्या पट्ट्यात बहिरी. आढावा बैठकीत डायरेक्टरांनी विचारलं, "लेआउट कोणाचा?" मी बाईंकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. "काय बाई, आज घडी घालायची राहिली वाटतं?" तो भांगवाला म्हणाला. सगळे हसले. मीही.

महिन्याभरात त्यांना काढलं. पुण्यात हे काम करणारी माणसं मोजकीच; बाई मुलाखतीला पोचायच्या आधी बातमी पोचायची. पुन्हा कुणी त्यांना लेआउट दिला नाही.

गेल्या महिन्यात मी कोथरूडला त्यांच्या घरी गेलो. माफीचा पहिला शब्द उच्चारला, तोच त्यांनी कपाटातून एक घडी घातलेला कागद काढून खिडकीशी धरली. एक रेघ बाहेर डोकावत होती.

"बैठकीच्या आदल्या दिवशीच छापून पाहिलं होतं. फाइलमध्ये शेवटचा बदल तुमच्या नावावर होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते." त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "माफी इथे नको. जिथे हसलात, तिथे मागा."

पुढच्या सोमवारी ऑफिसच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि घडीबाईंचा विषय काढला. त्या दिवशी हसलेल्यांपैकी दोघंच उरले होते. बाकीच्यांनी विचारलं, "कोण घडीबाई?" मी त्यांचं पूर्ण नाव सांगितलं, कागद खिडकीत धरला आणि म्हणालो, "ही रेघ माझी आहे. मी बाईंची माफी मागतो."