हत्यारं पूजेत होती त्या दिवशी

माझा देवावर विश्वास नव्हता असं नाही, पण देवाकडे काही मागावं असं मला कधी वाटलं नाही. हात धड आहेत तोवर देवाला कशाला त्रास द्यायचा, असं मी म्हणायचो. चौथीनंतर शाळा सुटली, मामाच्या मागं दिल्लीला आलो, सरकारी गॅरेजात गाड्या पुसता पुसता ड्रायव्हर झालो आणि इंजिन कानानं ओळखायला शिकलो. पुस्तकं वाचून आलेले मेकॅनिक माझ्याकडे विचारायला येत. त्याचा मला फार अभिमान होता. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू. घरात दत्ताची तसबीर आहे, गुरुवारची पोथी आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, वाचायची. मी बाहेर ओट्यावर बसून ऐकायचो, पण ऐकतोय असं दाखवायचो नाही. असा मी माणूस. माझ्या बाबतीत जे झालं ते जसं झालं तसं लिहितो. त्याला काय नाव द्यायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा आमच्या साहेबांनी एका परदेशी वकिलातीतून निघालेली जुनी फ्रेंच गाडी घेतली होती. या गाडीला स्प्रिंग नसते. प्रत्येक चाकाशी एक लोखंडी गोळा असतो, गोळ्यात वर वायू आणि खाली तेल, आणि त्या तेलाच्या दाबावर सगळी गाडी तरंगते. बंद असली की पोट जमिनीकडे टेकवून बसते. सुरू केली की आधी मागून उठते, मग पुढून, म्हैस उठते तशी. क्वार्टरमधली पोरं ते बघायला जमायची. साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तुझ्याशिवाय हिला कोण सांभाळणार." मी सांभाळली. लेक सासरी गेली ती याच गाडीतून. निवृत्त होऊन नोएडात घर केलं तेव्हा ही गाडी दारात आधी आली, सामान नंतर.

मग मंडळीच्या मणक्याला क्षय झाला. ऑपरेशन झालं, छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर घातलं आणि हादरा बसता कामा नये असं डॉक्टरांनी बजावलं. दिल्लीहून घरी आणताना इस्पितळाची गाडी केली होती. यमुनेच्या पुलावर जोडाजोडाला चाकं आपटत होती आणि ती माझा हात आवळत होती. पूल संपायच्या आधी तिनं आवळणं सोडलं. मला वाटलं, संपलं. घरी आल्यावर संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "परत त्या गाडीत घालू नका मला. आपल्या गाडीतून न्या, नाहीतर नेऊच नका." प्लास्टर कापून हाड सांधलं का ते बघायची तारीख दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची मिळाली होती. ती हुकली तर पुढची दोन महिन्यांनी. तिच्या अंगाला त्या प्लास्टरखाली जखमा होऊ लागल्या होत्या, म्हणजे दोन महिने काढणं तिला शक्य नव्हतं.

आणि नेमकी तेव्हाच गाडी कडक झाली. पितृपक्षात मी तिला सेक्टरातल्या सेक्टरात फिरवून बघितलं तर प्रत्येक खड्डा माकडहाडात. खाली तेलाचे डाग. टाकी उघडली तर तेल तळाला गेलेलं. त्या गाडीचं तेल हिरवं असतं, ते मला पूर्वी वकिलातींचे ड्रायव्हर देत, पण ते सगळे आता पांगले होते. दोन दिवस मी येरझाऱ्या घातल्या. मग माझ्या डोक्यानं हिशेब केला की या गाडीचे ब्रेकही त्याच तेलावर चालतात, तर ब्रेक ऑइल चालायला काय हरकत आहे. चाळीस वर्षं मी गाड्यांत तेच ओतत आलो होतो. माझा मुलगा सुधीर शेजारी उभा होता. तो म्हणाला, "बाबा, झाकणावर काहीतरी लिहिलंय. एक मिनट बघू तरी द्या, यार."

मी म्हणालो, "तू तुझ्या ऑफिसातले कागद वाच. गाडी मला कळते."

अर्धा टीन ओतला. अर्धा ठेवला.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्याराची पूजा असते. गॅरेजात होतो तेव्हाही मी कधी चुकवली नाही, कारण आईनं लावून दिलेली ती एकच गोष्ट मी पाळत आलो. पाने, पक्कड, हातोडी, जॅक, सगळं धुऊन ओट्यावर पाटावर मांडलं. मंडळी आतून खाटेवरून सूचना देत होती, "हळद आधी, मग कुंकू. त्या तेलाच्या डब्यालाही लावा, तोही तुमच्या कामाचाच आहे." म्हणून तो अर्धा टीनही पाटावर गेला. गाडीला झेंडूचा हार घातला. मग ती पूजेला उभी राहावी म्हणून सुरू केली.

पुढून उठली. मागून उठली नाही.

मी वाट पाहिली. बंद केली, परत सुरू केली. नाक वर, ढुंगण खाली, हार एका बाजूला घसरलेला. मधला एकच दिवस हातात होता. मी सरळ पाटाकडे गेलो आणि पान्याला हात घालणार, तोच आतून आवाज आला. तिला खिडकीतून ओटा दिसायचा.

"पूजेतली हत्यारं आज उचलायची नाहीत."

"गाडी बसलीय. परवा तुला न्यायचंय."

"उद्या उत्तरपूजा झाली की उचला. तुमच्या आईचाच नेम आहे, माझा नाही."

"आणि नाही झाली दुरुस्त तर?"

"तर मी इथं आहेच," ती म्हणाली. "मी कुठं पळून चाललेय."

मला तिचा राग आला, आईचा आला, सगळ्या पाटाचा आला. निदान टाकीत उरलेलं तेल तरी ओतावं, तर तो टीनही कुंकू लावून पाटावर बसलेला. सुधीरनं बाजारातून एका मेकॅनिकला आणलं. तो गाडीखाली डोकावून म्हणाला, "अंकल, इसमें तो स्प्रिंग ही नहीं है, किसी ने निकाल ली क्या?" मी त्याला परत पाठवला. सुधीर म्हणाला, "चलो बाबा, इस्पितळाचीच गाडी बोलावू." ओटा ते फाटक, फाटक ते ओटा. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की हात कुठं ठेवावेत कळेना. आयुष्यात पहिल्यांदा माझे हात रिकामे होते आणि ते मला माझे वाटतच नव्हते.

शेवटी गाडीत जाऊन बसलो. काचेखाली दत्ताची छोटी तसबीर मंडळीनं कधीतरी चिकटवली होती, उन्हानं पार फिकी पडलेली. इंजिन सुरू केलं. पंपाशी टक् असा आवाज येतो, दाब भरला की थांबतो, तो आता थांबतच नव्हता. टक्, टक्, टक्. मी सगळ्या गाड्यांचे आवाज ओळखायचो. हा मला ओळखता येईना. स्तोत्र मला पाठ नाही, प्रार्थना कशी करतात ठाऊक नाही. तसबिरीकडे बघून माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मला येत नाही." हे शब्द मी गॅरेजात कधी उच्चारले नव्हते, घरातही नाही. मग इंजिन बंद केलं. गाडी पुढूनही खाली आली.

त्या दिवशी दिल्लीकडची घरं लहान मुलींना बोलावून पाय धुतात, हलवा-पुरी देतात. आमच्या गल्लीतही सकाळपासून पोरींची ये-जा होती. दुपारी एक म्हातारा पहाडी गृहस्थ नातीला हाताला धरून चालला होता. नातीच्या डोक्यावर लाल ओढणी, हातात प्रसादाची पत्रावळ. ती आमच्या फाटकाशी थांबली आणि म्हणाली, "दादू, इस गाड़ी को माला पहनाई है और ये सो रही है."

म्हाताऱ्यानं गाडीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "आज भी है ये? बीस साल चलाई है मैंने ऐसी, एम्बेसी में."

मी फाटक उघडलं. त्यानं परवानगी मागितली नाही की ओळख सांगितली नाही. मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार दिला, कान लावला, मला सुरू करायला सांगितलं, बंद करायला सांगितलं. मग टाकीचं झाकण उघडून बोट बुडवलं, चोळलं, नाकाशी नेलं.

"इसमें ब्रेक ऑइल किसने डाला?"

सुधीर माझ्या मागे उभा होता. कुठल्या तरी मेकॅनिकचं नाव घेणं सोपं होतं, माझ्या जिभेवर आलंही होतं. पण पाटावर तो टीन बसला होता, हळदकुंकू लावलेला, सगळ्यांना दिसेल असा. खिडकीतून तिलाही दिसत होता.

"मैंने," मी म्हणालो.

तो हसला नाही. "मैंने भी डाला था एक बार. साहब की गाड़ी में. दो दिन छुपाया." मग विचारलं, "सड़क पे निकाली?"

"नहीं. आज उठी ही नहीं."

"शुक्र करो. ये तेल इसके रबर खा जाता है, और ब्रेक भी इसी पे हैं. पुल पे ब्रेक जाते तो?"

मी पायरीवर खाली बसलो. गाडी बसली म्हणून सकाळपासून मी जिला शिव्या घालत होतो, ती उठली असती तर परवा मंडळीला मागच्या सीटवर झोपवून मी तिच्यासकट त्या पुलावर गेलो असतो. आणि टीन पूजेत नसता तर उरलेलाही ओतून गेलो असतो.

"औज़ार लाइए," तो म्हणाला.

मला सांगताना लाज वाटली. "आज नहीं. पूजा में हैं."

"तो कल. तेल वैसे भी घर पे है, दो डिब्बे. क्यों रखे हैं, मुझे भी नहीं पता."

तोवर ती पोरगी आत जाऊन मंडळीच्या खाटेशी उभी होती. मंडळीला उठता येत नव्हतं, म्हणून तिनं पडल्या पडल्या हात लांब करून पोरीच्या पावलांना लावला आणि स्वतःच्या कपाळाला. देवी आली असं ती आजही म्हणते. मी त्यावर वाद घालत नाही.

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाली आणि तो आला. दिवसभर आम्ही दोघं म्हातारे गाडीखाली. दाब सोडून जुनं तेल काढलं, हिरवं भरलं, गाडी वर-खाली केली, तेही काढलं, परत भरलं. त्यातून रबराचं काळं पीठ निघालं. मागची उंची राखणारा व्हॉल्व्ह फुगून अडकला होता, तसला एक जुना त्यानं कागदात गुंडाळून आणला होता. गळती मागच्या एका रबरी नळीतून होती, ती बदलली. तो सांगायचा आणि मी करायचो. चाळीस वर्षांत मला कोणी "पहले ये खोलो" म्हटलं नव्हतं. डब्यावर काय लिहिलंय ते सुधीरनं वाचून दाखवलं आणि मी ऐकलं. संध्याकाळी गाडी सुरू केली. आधी मागून उठली, मग पुढून. गल्लीत चार वेळा जोरात ब्रेक मारून बघितलं. पंप टक् करून गप्प झाला.

दिल्लीत आपट्याची पानं मिळत नाहीत, आम्ही कचनारची देतो. मी एक पान त्याच्या हातात ठेवलं. "ये क्या?" म्हणाला. "सोना," मी म्हणालो, आणि वाकलो. तो माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहानच असेल. मी वयानं मोठ्यांच्याही पाया फारसा पडलो नव्हतो. त्यानं मला मध्येच धरलं, पान खिशात घातलं आणि नातीला घेऊन गेला. दिवाळीनंतर तो त्याच्या डोंगरातल्या गावी राहायला गेला असं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळीला मागच्या सीटवर आडवं केलं. मी चालवत होतो, सुधीर तिच्या डोक्याशी. पूल आला तसे माझे खांदे ताठ झाले, प्रत्येक जोड मी अंगावर घ्यायला बसलो होतो. मागून काहीच आवाज येईना. मला भीती वाटली, पण मागे वळून बघायचं धाडस होईना. मग पलीकडच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "अहो, पूल कधी येणार?"

मी तसबिरीकडे पाहिलं. "झाला," म्हणालो.

हाड सांधलं होतं. प्लास्टर निघालं, जखमा भरल्या, आज ती काठी न घेता फाटकापर्यंत जाते आणि पोथीही बसून वाचते. मी आता ओट्यावरून उठून आत येऊन बसतो. मला वाटायचं, आपल्या हातांनी होतं तेवढंच आपलं. आता वाटतं, मी हात बाजूला ठेवले तेव्हाच कोणाला तरी आत यायला वाट झाली. दर खंडेनवमीला मी हत्यारं मांडतो, कुंकू लावतो, आणि तो दिवसभर रिकामा बसतो. अजूनही चुळबुळ होते, सवय जात नाही. मग मी तेच तीन शब्द म्हणतो, मला येत नाही, आणि दत्त महाराजांचे आभार मानून फाटक उघडं ठेवतो.