किडक्या हरभऱ्याचे डॉक्टर

किडकं धान्य बघून ज्याचा चेहरा खुलतो असा एकच माणूस परमेश्वरानं घडवला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझं उदगीरच्या मोंढ्यात धान्याचं दुकान. आमच्या धंद्यात किडा हा शब्द गिऱ्हाइकासमोर उच्चारायचा नसतो. अगदीच गळ्याशी आलं तर 'माल जरासा जुना आहे' असं म्हणून वेळ मारून न्यायची असते. आणि आमचे साडू नांदेडला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे. दुकानाची पायरी चढता चढता, 'शरणार्थ, कसे आहात' वगैरे म्हणायच्या आधीच त्यांचा प्रश्न येणार, "आण्णा, किडा हाय का?" एकदा निलंग्याकडचं एक गिऱ्हाईक हरभऱ्याचा भाव जवळजवळ ठरवून बसलं होतं. एवढ्यात साडू आले, पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, चिमटीत एक भुंगा धरून उजेडाकडे केला आणि भरल्या दुकानात ओरडले, "वा! काय तब्येत हाय हो हिची! मादी हाय, आण्णा!" गिऱ्हाईक जे उठलं ते पुन्हा त्या गल्लीत दिसलं नाही. मी चिडलो, तर हेच मला समजावायला लागले, "जिथं किडा न्हाई, तिथं औषधाची गोळी हाय म्हणून समजा. तुमचा माल बिनजहराचा हाय, हे मी त्याला सांगून राहिलो होतो."

त्यांच्या संशोधनाचा विषय थोडक्यात सांगायचा तर असा, की साठवलेल्या धान्याला कीड लागू नये म्हणून विषारी गोळ्यांऐवजी झाडपाला वापरायचा. निंबोळीचं तेल, निरगुडीचा पाला, सीताफळाच्या बियांची पूड. आता औषधानं किडा मरतो की नाही हे बघायचं तर आधी किडा पाहिजे, आणि तोही धष्टपुष्ट, नाहीतर तो आपल्याच मरणानं मेला असं कुणीही म्हणेल. त्यामुळे ज्यांना मारायचं त्यांनाच आमचे साडू आधी लेकरांसारखं वाढवतात. उन्हाळ्यात त्यांच्या बाटल्यांभोवती ओलं फडकं असतं, थंडीत शेजारी विजेचा दिवा असतो. माझ्या मेहुणीचं म्हणणं असं, की तिच्या बाळंतपणात या माणसाला पाणी तापवायचंसुद्धा सुचलं नव्हतं, पण भुंग्यांनी अंडी घातली की हा बाटलीपाशी चवड्यावर चालतो.

सीताफळाचा हंगाम आला की आमच्या घरातली पोरं त्यांना टरकून असतात. एरवी पोरं बी थुंकण्याच्या शर्यती लावणार; पण हे समोर ताटली घेऊन बसतात आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे लक्ष ठेवतात. एखादी बी अंगणात उडाली तर बॅटरी घेऊन शोधतात. "आण्णा, तुमच्या घरात दरसाल किती औषध थुंकून टाकतात, काही हिशेब हाय का?" असं त्यांनी मला पाहुण्यांदेखत विचारलेलं आहे. मुदखेडला माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा मोठा माणूस म्हणून यांना सोबत नेलं ही माझीच हौस. पोहे झाले, मुलगी आली, आणि हे मात्र कोपऱ्यातल्या तुरीच्या पोत्याकडे टक लावून. शेवटी राहवेना तेव्हा मुलीच्या बापाला म्हणाले, "ह्यातलं थोडं आम्हाला देता का?" बाप बिचारा पांढरा पडला. हुंड्याची बोलणी तुरीपासून सुरू झालेली त्यानं कधी ऐकली नसावी. "किती पोती म्हणता?" त्यानं हळूच विचारलं. "पोती नकोत हो, तूर बी नको. नुसते किडे द्या!" आणि खरोखरच रुमालात मूठभर किडकी तूर बांधून घेऊन हे गाडीत बसले. ते लग्न जमलं. मुलीचे वडील अजूनही सांगतात, की सोनं मागणारे बघितले, मोटारसायकल मागणारे बघितले, पण किडे मागणारी सोयरीक सोडायची नाही असं आम्ही त्याच दिवशी ठरवलं.

किडे कमी पडले म्हणून की काय, मध्येच त्यांनी मासे धरले. धरले म्हणजे अभ्यासाला. आम्ही पडलो लिंगायत. आमच्या सात पिढ्यांत मासा कुणी ताटात बघितलेला नाही. हे पहाटे अंघोळ आणि इष्टलिंगाची पूजा आटोपून, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे ओढून गोदावरीच्या घाटावर जातात आणि मासे विकणाऱ्या बायकांपुढे उकिडवे बसून म्हणतात, "मावशी, ह्याच्या शेपटाच्या पराचा नखाएवढा तुकडा द्या. बाकीचा मासा तुमचाच." तो तुकडा स्पिरिटच्या कुपीत घालून प्रयोगशाळेत पाठवला की त्याच्या डीएनएवरून माशाची नेमकी जात कळते. हे त्या बायकांना कुठं ठाऊक? त्यांना वाटलं, मास्तराची ऐपत शेपटापुरतीच आहे. एकीला तर गलबलून आलं. "मास्तर, लेकरांला काय शेपूट खाऊ घालता का? घ्या सगळा मासा, पैशाचं नंतर बघू," म्हणून तिनं अख्खी मरळ यांच्या पिशवीत टाकली. ती मरळ परत करायला यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्यांचा पहिला तास बुडाला.

या माशांच्या पायी त्यांना एक भलतीच खोड लागली. ज्याला त्याला त्याच्या खऱ्याच नावानं हाक मारली पाहिजे, असं त्यांचं ब्रीद झालं. एकाच माशाला नांदेडला एक नाव आणि बिलोलीकडे दुसरं, याचा त्यांना घरच्या भानगडीसारखा त्रास होई. एका ढाब्यावर मरळ म्हणून जे तळून देत होते ती मरळ नव्हेच, असं त्यांच्या तपासणीत निघालं. तर हा शुद्ध शाकाहारी माणूस रिक्षा करून ढाब्यावर हे सांगायला गेला. मालक म्हणाला, "सर, तळून झालाय, गिऱ्हाईक खाऊन राहिलंय, आता कशाला त्याला नाव ठेवता?" यावर यांचं उत्तर, "नाव मी ठेवत न्हाई, ते त्याच्या अंगातच लिहिलेलं हाय." लग्नपत्रिकेत नावामागे चुकून कुणी 'डॉ.' छापलं तर हे पत्रिका देणाऱ्याकडून पेन मागून तिथल्या तिथं ते खोडत. "मी अजून झालो न्हाई," म्हणत.

हे 'अजून' फार महत्त्वाचं होतं. त्यांची पीएच.डी. त्या किडक्या हरभऱ्यावर चालली होती. नोकरी कायम होण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे नाव नोंदवलं तेव्हा केस पिकायला लागलेले. मुदतवाढही घेऊन झाली होती. मार्चअखेर प्रबंध विद्यापीठात गेला तर गेला, नाहीतर नोंदणी रद्द. आणि ते डॉक्टर व्हावेत याची त्यांच्यापेक्षा जास्त घाई आमच्या सासूबाईंना. सासूबाई उदगीरलाच, आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या. मठात जावो की भाजीला, "आमचे धाकले जावई डॉक्टर व्हऊन राहिले," हे सांगितल्याशिवाय त्या परत येत नसत. कुणी विचारलंच, की थोरले काय करतात, तर म्हणायच्या, "ते हायत की दुकानात."

त्या मार्चच्या आधीच्या दिवाळीला सासूबाई नांदेडला धाकट्या लेकीकडे गेल्या. त्याच सुट्टीत कॉलेजात रंगकाम निघालं. रंगाच्या वासानं भुंगे दगावतील म्हणून साडूंनी सगळ्या बाटल्या घरी आणून मागच्या खोलीत मांडल्या. काही बाटल्यांत नुसता हरभरा आणि किडे, काहींत निंबोळीचं तेल चोळलेला हरभरा. कुठल्या बाटलीत किड्यांची पुढची पिढी किती वाढते एवढंच मोजायचं राहिलं होतं, आणि सगळ्या प्रबंधाचा जीव त्या मोजणीत होता. तेवढ्यात लातूरला चर्चासत्र निघालं म्हणून हे दोन दिवस तिकडे गेले. मीही बाजाराच्या कामानं लातुरातच होतो; माझी बायको आधीच नांदेडला आईजवळ होती. परत आम्ही साडू-साडू एकाच बसनं नांदेडला आलो, हातपाय धुतले आणि थेट पाटावर बसलो.

सासूबाई हौसेनं वाढत होत्या. वाढता वाढता म्हणाल्या, "माझी पोरगी बँकेत जाती, तिला येळ कुठून घावावा? त्या खोलीत बघते तर काय, बाटल्या भरभरून किडकं धान्य! लोकांनी बघितलं तर काय म्हंतील? तिला सुटी व्हायच्या आत सगळं गच्चीवर नेलं, ऊन दाखवलं, पाखडलं, निवडलं, लिंबाचा पाला घालून एका डब्यात भरलं. बाटल्या बी घासून ठिवल्या. अन् दोन-चार बाटल्यांत चांगला, बिनकिड्याचा हरभरा व्हता, त्याची उसळ केली. तुमाला आवडती म्हणून."

माझी मेहुणी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या डोळ्यांवरून कळत होतं की ती घरी आली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मला अर्थ लागला तो पहिल्या घासाला. बिनकिड्याचा हरभरा म्हणजे तेल चोळलेला हरभरा; सासूबाईंनी तो किती का पाण्यांनी धुतला असेना, कारल्यालाही लाजवील असा कडूपणा त्याच्यात उरला होता. माझ्या बायकोनं तोंड वाकडं केलं, "आई, मसाला करपला का गं?" सासूबाईंचा हात थांबला आणि चेहरा एकदम उतरला. तेव्हा साडू, जे इतका वेळ ताटाकडे बघत बसले होते, ते म्हणाले, "करपला कुठं? झकास झालीय. मामी, वाढा अजून." आणि ती वाटी संपवून त्यांनी पातेलंच आपल्याकडे ओढलं. "ही सगळी मला. ह्या लोकांना चव न्हाई." कुणाच्या पोटात ते कडू जाऊ नये म्हणून त्यांनी तसं केलं हे मला मागाहून उमगलं. इतक्या वर्षांचं संशोधन हा माणूस भाकरीशी खात होता, आणि समोर सासूबाई पदरानं वारा घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काड्यापेटी घेऊन गच्चीवर रांगत होते. सापडला तर एखादा जिवंत भुंगा, म्हणून. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, "सर, काय हरवलं?" "काही न्हाई, बटण," म्हणाले. मी व्यापारी माणूस. त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "इतकी वर्षं मोजताय, आकडे तोंडपाठ असतील. टाका की अंदाजानं. कोण येतंय विचारायला?" त्यांना राग आला नाही, फक्त नवल वाटलेलं दिसलं. "आण्णा, मेलो का जगलो, हे किड्यानं सांगायचं असतं. त्याच्या वतीनं मी कसं सांगू?" मग म्हणाले, "मामींना बोलू नका. त्यांना कळलं तर त्या ह्या घरात पुन्हा पाणी पिणार न्हाईत."

साठवणीचा प्रयोग महिनोन् महिने चालतो; नव्यानं किडे वाढवून सगळं उभं करायला वेळ नव्हता. मार्च आला, गेला, नोंदणी रद्द झाली. आम्ही चौघांनी तोंडाला कुलूप लावलं. उन्हाळ्यात साडू उदगीरला आले तेव्हा सासूबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "झालं का हो तुमचं?" जो माणूस माशाच्या नावासाठी ढाबेवाल्याशी भांडला, तो खाली पायांकडे बघत म्हणाला, "झालं, मामी." सासूबाईंनी त्यांना जवळ बसवून नारळ दिला, शाल पांघरली, आणि त्यांचा हात धरून ढसढसा रडल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत पेढे पोचले. त्या दिवसापासून उदगीरला ते डॉक्टर झाले. नांदेडला कुणी डॉक्टर म्हटलं तर हे अजूनही लगेच दुरुस्त करत. उदगीरच्या बसस्टँडवर उतरले की मुकाट्यानं ऐकून घेत. मी त्यांना एकदा डिवचलं, तर म्हणाले, "आण्णा, हे गाव मी तपासणीतनं वगळलंय."

यंदाच्या थंडीत सासूबाई गेल्या. शेवटपर्यंत शुद्धीत होत्या, आणि आल्यागेल्याला धाकल्या जावयाची ओळख करून देत होत्या. गणाराधनेची, म्हणजे आमच्याकडच्या दिवसकार्याची, पत्रिका छापायचं काम माझ्याकडे आलं. साडूंचा स्वभाव मला माहीत, म्हणून मी त्यांच्या नावामागे नुसतं 'प्रा.' लिहिलं. छापखान्यातून आलेला कच्चा कागद त्यांनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचला. तिथीतला काना दुरुस्त केला, एका नातलगाचं आडनाव दुरुस्त केलं. मग स्वतःच्या नावापाशी येऊन पेन धरून बराच वेळ बसले, आणि 'प्रा.' खोडून त्यांनी तिथं सुबक अक्षरात 'डॉ.' लिहिलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मामींनी सगळ्या उदगीरला सांगून ठेवलंय, आण्णा," ते म्हणाले. "आता त्या न्हाईत. त्यांना खोटं पाडायचं न्हाई मला."

मी पत्रिका तशीच छापली आणि स्वतः घरोघर वाटली. परवा ते दुकानावर आले होते. पोत्यात हात घालून भुंगा शोधत होते, आणि रस्त्यावरून मठातल्या एका म्हाताऱ्या बाईनं हाक मारली, "डॉक्टरसाहेब, कवा आलात?" ते लगेच हात बाहेर काढून, कपड्यांना पुसून उभे राहिले. "आताच आलो, अक्का," म्हणाले, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तसेच उभे होते.