नाव ठरलं का?

त्या उन्हाळ्यात माझ्या उशाशी एक कादंबरी होती आणि तिच्या मुखपृष्ठावरच्या राणीला डोकं नव्हतं. भरजरी झगा, गळ्यात मोत्यांची माळ, आणि हनुवटीपाशी चित्र कापलेलं. इंग्लंडच्या जुन्या राजा-राण्यांच्या कादंबऱ्या बहुतेक अशाच दिसतात, आणि मला त्यांचं कॉलेजपासून वेड आहे. सासूबाईंनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं.

"हिचं डोकं कुठाय?"

"पुढे कळेल," मी म्हणाले. राजाने ते उडवलं, हे मला तेव्हाच सांगायचं नव्हतं.

सासूबाई पुण्याहून व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे दुबईशेजारच्या अजमानला आल्या होत्या. मला पाचवा महिना होता, वार खाली होती आणि डॉक्टरांनी पलंगावरून हलायचं नाही असं बजावलं होतं. नवरा सकाळीच दुबईच्या ट्रॅफिकमध्ये शिरायचा, नऊ वर्षांची मुलगी शाळेत जायची. मग दिवसभर ओढलेले पडदे, एसीची घरघर आणि आम्ही दोघी. सासूबाई कशालाही नावं ठेवायच्या. इथल्या दुधाला, लिफ्टमधल्या अत्तराच्या वासाला, माझ्या कुकरच्या शिट्टीलासुद्धा. तोंडाला तोंड लागू नये म्हणून मी त्यांना दुपारी कादंबरी मराठीतून सांगायला लागले.

अर्थात, हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण वेगळं होतं.

त्या आल्या त्याच आठवड्यात माझी सोनोग्राफी झाली होती. नवरा गाडी लावायला गेला होता, सासूबाई पडद्याबाहेर खुर्चीवर बसल्या होत्या. आपल्याकडे दवाखान्यात भिंतीवर पाटी असते, लिंग सांगणं गुन्हा आहे म्हणून. इथे इजिप्तच्या त्या डॉक्टरीणबाई स्क्रीनकडे बघून आनंदाने ओरडल्याच, "बिन्त! माशाल्ला!" मुलगी. मी हसले, आणि पुढच्याच क्षणी पडद्याकडे पाहिलं. बाहेर येऊन सासूबाईंना म्हणाले, "बाळ पाठमोरं होतं. काही दिसलं नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पर्स उचलून चालू लागल्या.

माझी पहिली मुलगी झाली तेव्हाही त्या आल्या होत्या. हॉस्पिटलच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. बाळाला हात लावला नाही, माझी चौकशी केली नाही. फक्त विचारलं, "नाव ठरलं का?" मी म्हटलं, अजून नाही. त्या तशाच वळून बाहेर गेल्या. ते वळणं मी नऊ वर्षं विसरले नव्हते. त्यात आता परवाच त्या त्यांच्या बहिणीशी फोनवर बोलत असताना त्यांचं अर्धं वाक्य माझ्या कानावर पडलं होतं, "बघू, यावेळी तरी..."

नवऱ्याला मी दुसऱ्या दिवशी, तो ऑफिसात असताना, फोनवर सांगितलं. तो खूश झाला, खोटं कशाला सांगू? पण लगेच आवाज खाली आणून म्हणाला, "आईला एवढ्यात नको बोलूस. उगाच टेन्शन. तू जस्ट इन्शाल्ला म्हण आणि विषय बदल." बायको पलंगाला खिळलेली आणि हा मला विषय बदलायला सांगतोय! मला त्याचा संताप आला. माझ्या पोटातली मुलगी या घरात कुणाला हवी आहे की नाही, एवढं एकच मला जाणून घ्यायचं होतं, आणि ते सरळ विचारायची छाती होत नव्हती.

म्हणून कादंबरी. लेकी बोले सुने लागे म्हणतात, मी सुनेने बोलून सासूला लावायचं ठरवलं.

राजाने पहिल्या राणीला टाकलं तिथपर्यंत सासूबाई नुसत्या शेंगा सोलत होत्या. "मुलगा होत नाही म्हणून?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. काही कळलं नाही. शेंगा सोलणाऱ्या माणसाचा चेहरा वाचता येत नाही. दुसरी राणी आली, तिच्यासाठी राजाने धर्मगुरूंशी उभा दावा मांडला, ती गरोदर राहिली. प्रत्येक दुपारी आम्ही त्या बाळंतपणाच्या जवळ जात होतो. दोनदा मी मुद्दाम फाटे फोडले, राजवाड्यातली जेवणं, दागिने, काय वाटेल ते. "ते राहू दे," सासूबाई म्हणाल्या, "तिचं काय झालं ते सांग."

शेवटी तो दिवस आला. मुलगी शाळेतून यायला अवकाश होता. मी सांगितलं की राणीला अंधाऱ्या खोलीत ठेवलं, खिडक्या बंद, भिंतींना जाड पडदे.

"बरोबर आहे. वारा लागू नये," त्या म्हणाल्या. मग आमच्या खोलीतल्या पडद्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"राजाची खात्रीच होती, आई. मुलगा झाला म्हणून कळवायची पत्रं आधीच लिहून तयार होती."

"म्हणजे पेढे आधीच सांगून बसला."

"हो. आणि..." मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. "आणि मुलगी झाली."

त्यांचे हात थांबले. ताटलीत शेंग तशीच राहिली. एसी बंद पडून पुन्हा सुरू झाला. मला वाटलं, आता त्या उठतील आणि तशाच वळून जातील.

"मग पत्रांचं काय केलं?"

"त्यांच्या भाषेत शेवटी एखादं अक्षर वाढवलं की राजपुत्राची राजकन्या होते. तेवढं दाटीवाटीने घुसवलं. खेळ-तमाशे ठरले होते, ते रद्द केले."

"आणि नाव? नाव काय ठेवलं तिचं?"

पुन्हा नावच. माझं डोकं तडकलं. "आजीचं ठेवलं," मी जरा तोडूनच म्हणाले. "दोन्ही आज्यांचं नाव एकच होतं. वाजतगाजत ठेवलं. आणि तीच पुढे चाळीसहून जास्त वर्षं गादीवर बसली!"

"वाजतगाजत ठेवलं ना? मग झालं तर." त्यांनी ताटली बाजूला सारली. "माझं ठेवलंच नव्हतं कुणी. चौथी मुलगी मी. बारसं नाही, काही नाही. नाव नाही म्हणून मग घरात नकोशी म्हणायला लागले. शाळेतही तेच लागलं. गुरुजी हजेरी घ्यायचे आणि मी नकोशी, हजर म्हणायची. लग्नात ह्यांनी तांदळात अंगठीने नाव लिहिलं, तेव्हा सुटले."

एवढ्या वर्षांत मी त्यांना त्यांचं माहेरचं नाव कधी विचारलं नव्हतं.

"मुलगी आहे ना?" त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

"मला त्याच दिवशी कळलं. ती बाई केवढ्यांदा ओरडली! घरी येऊन तुझ्या लेकीला विचारलं, बिन्त म्हणजे काय गं? शाळेत अरबी शिकवतात ना त्यांना. म्हणाली, 'गर्ल, आजी! सो ईझी!' म्हटलं, तू आपणहून सांगशील. तू बसलीस राजाच्या गोष्टी सांगत." त्यांनी टरफलं गोळा केली. "मुलगा असता तर मला बरं वाटलं असतं, खोटं कशाला बोलू? पण मुलगी आहे तर नाव आधी ठरव. थोरलीच्या वेळी तू अजून नाही म्हणालीस आणि मला तिथे उभं राहवेना. बाहेर बाकावर जाऊन बसले होते. पोरीला आल्या आल्या आपण नाव ठेवलं नाही, तर लोक ठेवतात गं."

मला रडू कोसळलं. त्यांनी माझे डोळे पुसले नाहीत की जवळ घेतलं नाही, तसला त्यांचा स्वभावच नाही. 'यावेळी तरी'च्या पुढे त्या काय म्हणणार होत्या ते मी अजूनही विचारलेलं नाही.

खाली शाळेची बस थांबल्याचा आवाज आला. सासूबाई पदर झटकून मुलीला आणायला उठल्या. दारापर्यंत गेल्या, थांबल्या आणि तशाच वळून मला म्हणाल्या,

"मग? नाव ठरलं का?"

"नाही, आई," मी म्हणाले. "तुमची वाट बघत होते."